पाचवीची शेगडी

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची, आणि राग माझ्या नाकावर असतो असं बाकीचे सगळे म्हणायचे. दोन्ही खरं होतं. त्यामुळे वडिलांनी जेव्हा फर्मावलं की नाताळच्या सुट्टीत लोणावळ्याला त्यांच्या डॉक्टरमित्राच्या दवाखान्यात जाऊन नुसती उभी राहा, बघ, बोलू नकोस, तेव्हा आमच्या घरात जेवणं थांबवून लोक हसले.

मी पुण्यात डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होते. तोवर बेडूक कापले होते, हाडांची नावं घडाघडा म्हणत होते, पण जिवंत रोगी म्हणून कुणी दाखवला नव्हता. वडील शाळामास्तर. त्यांचं म्हणणं असं की डॉक्टर दिवसभर करतो काय हे एकदा डोळ्यांनी बघावं आणि मग पुढची वर्षं घालवावीत. मुलगी शिक्षण मध्येच सोडून घरी आली तर लोक काय म्हणतील, हेही त्यांच्या मनात असणार, पण ते तसं बोलले नाहीत.

लोणावळ्याला माझी मावशी राहायची, तिच्याकडे मुक्काम केला. डॉक्टरकाकांचा दवाखाना बाजारातच होता, पुढची खोली रोग्यांची आणि मागची औषधांची. माणूस उंच, वाळलेला, धोतरावर काळा कोट. खंडाळ्याच्या बंगल्यांपासून आतल्या खेड्यांपर्यंत सगळे त्यांनाच बोलवायचे. घरोघरच्या तीन-तीन पिढ्यांची पोटं त्यांना तोंडपाठ होती. पहिल्याच सकाळी त्यांनी मला आपल्या खुर्चीमागे उभं केलं आणि नियम सांगितला. रोग्यासमोर तोंड उघडायचं नाही. रोगी गेला की काय दिसलं ते सांगायचं. काय वाटलं ते सांगायचं नाही.

मला वाटलं, यात काय कठीण आहे. त्याच दिवशी वलवणच्या धरणावर कामाला असलेला एक माणूस पोट धरून आला. तो गेल्यावर मी लगेच एका आजाराचं भारदस्त इंग्रजी नाव फेकलं.

"ते पुस्तकात आहे," काका म्हणाले. "बाकावरून उठताना त्यानं हात कुठं टेकला?"

"मला काय माहीत."

"मग इतका वेळ इथं काय करत होतीस?"

अशा रीतीने रोज माझी बिनपाण्याने होत होती. रात्री मावशीपुढे मी काकांच्या नावानं बोटं मोडायची आणि सकाळी पुन्हा खुर्चीमागे जाऊन उभी राहायची. हट्टी तर मीही होतेच. पण खरं सांगायचं तर सुट्टी संपत आली तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की हा माणूस मला मुद्दाम छळतो आहे, आणि नुसतं बघून कुणाचं काही भलं होत नाही.

त्या आठवड्यात थंडीनं कहर केला होता. एका सकाळी औंढे गावचा एक तरुण दवाखान्याच्या पायरीवर येऊन धापा टाकत उभा राहिला. खंडाळ्याच्या एका बंगल्यात तो माळीकाम करायचा. त्याची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला, सगळं नीट झालं, आज पाचवा दिवस. आणि सकाळपासून ती उठत नव्हती.

"हाका मारल्या तर नुसतं हूं करती," तो म्हणाला. "आई म्हनती, सटवाईची नजर हाय. पर मला काय पटंना, म्हनून आलो. चला डाक्तर, लय येळ झाला."

काकांनी पेटी उचलली. टांग्यात मला त्यांनी आपल्या शेजारी बसवलं आणि वाटेत त्या भावाला एकच विचारलं, ताप आहे का. त्याला ठाऊक नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत तो गेलाच नव्हता. वारा असा बोचत होता की मी पदर नाकावरून घट्ट धरून बसले होते. पुस्तकात बाळंतरोगाबद्दल जे जे वाचलं होतं ते सगळं डोक्यात घोळत होतं. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त उत्सुकता होती. तसं वाटत होतं हे खरं आहे.

घर गावाच्या कडेला, कौलारू, पुढे ओटी. शेजारच्या घराच्या कुंपणाशी एक म्हातारी उभी होती. आम्हाला बघून ती दोन पावलं पुढे आली, पण बाळंतिणीची आई ओटीवर येताच तशीच मागे सरली. आईनं तिच्याकडे पाठ केली. एवढ्या गडबडीतही ते माझ्या नजरेत आलं.

त्या आईच्या कपाळाला घट्ट फडकं बांधलेलं होतं. तिनं काकांना हात जोडले आणि त्याच हातांनी दार अडवून ती उभी राहिली.

"डाक्तर, तुमी देवमानूस. पर आज पाचवी हाय. आज गडी मानूस त्या खोलीचा उंबरा वलांडत न्हाई. दार उगडं ठेवायचं न्हाई, पोरीला भायेर आनायचं न्हाई. औशीद द्या, म्या पाजते."

माझं पित्त खवळलं. "अहो मावशी, तुमची लेक बेशुद्ध पडलीय आणि तुम्ही..."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते ओटीवर घोंगडीवर बसले आणि मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, "जोर करून मी आत जाईन. पण या गावात पुढच्या बाळंतिणीला काही झालं तर मला बोलावणार कोण? तू बाई आहेस. तू जा. बघ आणि येऊन सांग."

"मी? मला काय येतं?"

"बघता येतं ना?"

त्या आईनं मला पाय धुवायला लावले, अंगावर गोमूत्र शिंपडलं, दार माझ्यापुरतं किलकिलं केलं आणि माझ्यामागोमाग आत येऊन लावून घेतलं.

खोली लहान, अंधारी, पण बाहेरच्या थंडीतून आल्यावर इतकी उबदार की बरं वाटलं. कोपऱ्यात पाचवीच्या पूजेसाठी पाटा-वरवंटा मांडून ठेवला होता. धूर अजिबात नव्हता. बाजेवर माझ्याच वयाची मुलगी उताणी पडली होती, आणि बाजेखाली शेगडी चांगली फुललेली. गाल लाल, बघणाऱ्याला वाटावं किती छान झोप लागली आहे. मी हाक मारली. पापण्या हलल्या, उघडल्या नाहीत. नाडी भराभर चालली होती. बाळ तिच्या कुशीत होतं, तेही मलूल. सकाळपासून अंगावर प्यायलं नाही, आणि पहाटे लेकीला उलटी झाली, असं आई म्हणाली.

मी बाहेर आले. दार लगेच बंद झालं.

"बाळंतज्वर," मी म्हटलं.

"अंग तापलंय?"

"...नाही."

"मग?"

"आकडी येऊन गेली असेल. त्यानंतर अशी गुंगी येते, पुस्तकात..."

"आकडी पाहिलीस? कुणी पाहिली?"

"नाही."

"मग जा परत. श्वास मोज. ओठ बघ, पाय सुजलेत का बघ. आणि मला पुस्तक सांगू नकोस."

पुन्हा आत. पाय सुजले नव्हते. ओठ निळे नव्हते, उलट लालच. श्वास भराभर आणि मध्येच घोरल्यासारखा. मी बाजेशेजारी जमिनीवर बसून मोजत होते आणि ती आई माझ्या समोर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ती आपणहून बोलायला लागली.

"थोरली बी हितंच, ह्याच खोलीत. तिचीबी पाचवीच व्हती. अशीच निजली. गाल असंच लाल. उठलीच न्हाई. प्वार बी संध्याकाळी गेलं."

माझा आकडा चुकला.

"त्या टायमाला ती शेजारीन इस्तू मागाया आली व्हती," ती म्हणाली. इस्तू म्हणजे चूल पेटवायला निखारा. "म्या दिला. पाचवीच्या दिशी बाळंतिनीच्या शेगडीतला इस्तू भायेर द्यायचा नसतो, मला ठावं व्हतं. ती न्हवती मागत तर? त्या दिसापास्नं तिचं तोंड बघत न्हाई म्या. आता कायबी झालं तरी ही शेगडी हितनं हालायची न्हाई."

मला एवढंच कळत होतं की एक मुलगी माझ्यासमोर मरते आहे, आणि तिला बघायला घरानं आत घेतलेलं माणूस म्हणजे मी, जिला बेडकाच्या पलीकडे काही येत नाही. मी परत श्वास मोजायला घेतले. आकडे एकमेकांत मिसळत होते. उठताना मी भिंतीला हात टेकला.

बाहेर येऊन मी सगळं सांगितलं, ओठ, पाय, श्वास, थोरलीची हकिगतसुद्धा. काका डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "आणखी एकदा जा. डोळ्यांच्या बाहुल्या..."

तिथं माझा बांध फुटला.

"नाही जाणार," मी म्हटलं, आणि आवाज चांगलाच चढला होता. "तुम्ही इथं वाऱ्यावर बसलाय आणि मला आत-बाहेर नाचवताय. ती मरते आहे तिकडे. तुम्हाला फक्त दिसलेलं हवं ना? मग ऐका, माझं डोकं ठणकतंय, मळमळतंय, समोरचं दोन-दोन दिसतंय, आणि तुमच्या त्या नियमाला मी कंटाळलेय."

वडिलांच्या मित्राशी असं बोलायची रीत नव्हती. बाळंतिणीचा भाऊ खांबाशी उभा होता, तो खाली बघायला लागला. काका मात्र ताडकन उठले होते.

"डोकं कधीपासून ठणकतंय? टांग्यात होतं?"

"नाही. आत बसल्यावर."

"बाहेर आल्यावर?"

मी थांबले. "कमी आहे. जरा कमी आहे."

ते दाराशी गेले. "मावशी, कपाळाला फडकं कधी बांधलंत?"

आतून आवाज आला, "सकाळपास्नं डोकं धरलंय. काळजीनं."

"शेगडीत गवऱ्या आहेत का?"

"न्हाई जी. कोळसं. गवऱ्यांचा धूर लेकराच्या डोळ्यांत जातो म्हनून ल्योकानं बंगल्यावरनं चांगलं कोळसं आनलं. येक रतीबर धूर न्हाई."

"आणि झरोका?"

"लिपून टाकला शेनानं. धूरच न्हाई तर उगडा कशाला ठेवायचा. गार वारं येतं."

काकांनी कपाळावर हात मारला नाही की कुणाला दोष दिला नाही. मला म्हणाले, "कोळशाची हवा कोंडलीय आत. तिला वास नाही, रंग नाही. गवरी असती तर धुरानं डोळे चुरचुरले असते आणि यांनी झरोका उघडला असता." भाऊ हे ऐकत होता. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. कोळसे त्यानंच आणले होते, भाच्याच्या डोळ्यांसाठी.

"मावशी, शेगडी बाहेर काढा. आत्ता."

"न्हाई."

"मग दार उघडं टाका."

"न्हाई म्हंते ना. थोरलीच्या येळंला म्या इस्तू दिला, तवा ती गेली. आता हिला बी घालवू का? माझ्या हातानं?"

भाऊ पुढे झाला, "आये, अगं ऐक..." तर ती आतून दाराला पाठ लावून बसली. तसा आवाजच आला. दार ढकलायचं तर तिलाच चेंगरावं लागलं असतं. मला रडू फुटत होतं. शिव्या द्याव्यात असंही वाटत होतं. एका फळीपलीकडे एकेक श्वास विषारी होत होता आणि आम्ही रीतभात सांभाळत उभे होतो.

काका दाराला कान लावल्यासारखे वाकले आणि अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं, म्हणाले, "बरं. तुमचं सगळं मान्य. इस्तू बाहेर जाणार नाही. दार उघडणार नाही. पोरगी उंबऱ्याबाहेर येणार नाही. कौलांचं काही आहे का?"

आतून आईनं उलट विचारलं,

"कवलांचं काय?"

"पाचवीला कौलं काढू नयेत असं काही आहे?"

ती विचार करत होती. मी जीव मुठीत धरून ऐकत होते. शेवटी म्हणाली, "कवलांचं... न्हाई. तसं कुनी कवा सांगितलं न्हाई."

"आणि बाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकवली तर?"

"खोलीतल्या खोलीत व्हय. चालंल."

भाऊ तोवर छपरावर चढला होता. मला काकांनी आत पिटाळलं, आईनं दार पुन्हा माझ्यापुरतं किलकिलं केलं. त्यांचा हुकूम असा की शेगडी जिथं आहे तिथं राहू दे, बाज तिच्यावरून ओढून घ्या, मुलीला कुशीवर वळव, आणि डोकं गरगरलं की दाराच्या फटीशी येऊन श्वास घे, फुकट शूरपणा नको. आम्ही दोघींनी बाज ओढली. आईनं बाळाला घेऊन फटीशी बसावं असं मी सांगितलं. या वेळी तिनं मुकाट्यानं ऐकलं.

पहिलं कौल निघालं तेव्हा उजेडाची एक तिरीप थेट निखाऱ्यांवर पडली. मग दुसरं, तिसरं. वरून माती, वाळकी पानं, कसली कसली जळमटं गळायला लागली. मी त्या मुलीच्या अंगावर घोंगडं ताणून धरून वाकून उभी होते. एक फुटकं कौल निसटून माझ्या खांद्याला लागलं. भाऊ वरून "लागलं का, लागलं का" विचारत होता आणि मी "हात चालव" म्हणून ओरडत होते. बघता बघता अर्ध्या खोलीवर आभाळ आलं आणि थंडगार वारा सरळ आत उतरला. इतका चांगला वारा मी जन्मात घेतला नसेल.

मग वाट बघणं. त्याच्याइतकं वाईट काही नाही. काका दारापलीकडून विचारत होते आणि मी सांगत होते, नुसतं दिसेल ते. श्वास अजून भरभर. घोरणं थांबलं. हात थंड. आता पापणी हलली. परत मिटली. बाळानं आधी कुरकूर केली, मग चांगलं भोकाड पसरलं. आईनं त्याला छातीशी धरलं, पण तिची नजर लेकीवरून हलली नाही. थोरलीचं बाळ संध्याकाळपर्यंत होतं, हे मला आठवत होतं. तिलाही आठवत असणार.

उन्हं छपराच्या भगदाडातून भिंतीवर चढली, तेव्हा त्या मुलीनं डोळे उघडले. बराच वेळ ती वर बघत राहिली.

"कवलं कुनी काढली?" तिनं विचारलं. आवाज जड होता. "लेकराला गारठा लागंल की."

मी दाराशी गेले आणि काकांना तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते "हां" एवढंच म्हणाले, आणि मग ओटीवर चालत गेल्याचा आवाज आला. नंतर कळलं, बाहेर जाऊन त्यांनी भावाला खाली उतरायला हात दिला होता.

ती आता बोलत होती, पाणी प्यायली, बाळाला जवळ घेतलं. निघायच्या आधी काकांनी दाराबाहेरूनच सगळ्यांना समजेल असं सांगितलं की कोळसा बंद खोलीत जाळला की काय होतं, माणूस कसा झोपेतच राहतो, गाल कसे लाल दिसतात. आई ऐकत होती. ऐकता ऐकता ती उठली, आणि तिनं स्वतःच दार उघडलं. पूर्ण. उंबऱ्यात उभी राहून तिनं विचारलं,

"डाक्तर, थोरलीच्या टायमाला पावसाळा व्हता. गवऱ्या भिजल्या व्हत्या. तवाबी कोळसंच व्हतं शेगडीत. मंग ती बी ह्यानंच गेली का?"

भाऊ जागच्या जागी थिजला. मला उत्तर माहीत होतं, जगात त्या क्षणी मला एवढं एकच उत्तर नक्की माहीत होतं. मी काकांकडे पाहिलं.

"मावशी," ते म्हणाले, "मी तेव्हा तिला पाहिलं नव्हतं. जे पाहिलं नाही ते मी सांगत नाही."

इतके दिवस ज्या नियमावर मी दातओठ खात होते तो नियम कशासाठी असू शकतो, ते मला तेव्हा कळलं.

पण ती ऐकणारी नव्हती. ती माझ्याकडे वळली. "तू आत व्हतीस बाई. तू सांग."

माझ्या तोंडून काय निघेल याची काकांना धास्ती वाटली असणार. मलाही वाटत होती. मी म्हटलं, "मावशी, मी एवढंच पाहिलं. खोली बंद होती तोवर माझं डोकं दुखत होतं. कौलं काढल्यावर थांबलं."

तिनं हात वर नेला आणि कपाळाचं फडकं सोडलं. थोडा वेळ ते तसंच हातात धरून उभी राहिली. मग ती आत गेली. पदराचा घोळ हातांवर घेऊन तिनं शेगडी उचलली. भाऊ म्हणाला, "आये, पाचवी हाय आज." तिनं ऐकलं नाही असं नाही, ऐकून ती चालू लागली. उंबरा ओलांडला, ओटी उतरली, अंगण ओलांडलं आणि शेजारच्या कुंपणाशी जाऊन थांबली. ती म्हातारी शेजारीण सकाळपासून अजून तिथंच उभी होती.

"चूल पेटलीया का गं तुजी?" बाळंतिणीची आई तिला म्हणाली. "इस्तू आनलाय."